काचेच्या कपाटातला फिरता बाबा : मँचेस्टरच्या नेब-सेनूचं कोडं सुटलंय का?

मृण्मयी_ड :
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, चूकभूल पोटात घाला.

परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक जुना व्हिडिओ परत फिरत आला. इंग्लंडमधल्या मँचेस्टर म्युझियममध्ये नेब-सेनू नावाच्या माणसाची इजिप्तची दगडी मूर्ती आहे, उंची जेमतेम १० इंच, इसवीसनापूर्वी १८०० च्या आसपासची. म्युझियमकडे ८० वर्षं होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. २०१३ मध्ये तिथले क्युरेटर कॅम्पबेल प्राइस यांच्या लक्षात आलं की बाबा पाठमोरा उभा आहे. कपाटाची किल्ली यांच्याचकडे. सरळ करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी परत वळलेला. मग कॅमेरा लावला, दर मिनिटाला एक फोटो, आणि ते फोटो जोडल्यावर दिसतं की शेजारचे सगळे आपापल्या जागी गप्प उभे आणि हा एकटाच हळूहळू वळत वळत पूर्ण पाठ फिरवतो. बरं फिरतो तो दिवसाच, रात्री जागचा हलत नाही.

फॉरवर्डच्या खाली अर्थातच "फॅरोचा शाप, ११ जणांना पाठवा".

मी हसून सोडून दिलं असतं, पण आमच्या शोकेसमध्ये भावाने कैरोहून आणलेली काळ्या दगडाची मांजर आहे आणि ती गेले काही महिने भिंतीकडे तोंड करून सापडतेय. कामाच्या मावशी शपथेवर सांगतात की त्या तिला हात लावत नाहीत. आईने व्हिडिओ बघितला आणि आता म्हणते ते ध्यान खाडीत सोडून ये. तर प्रश्न दोन. मँचेस्टरचं कोडं खरंच सुटलंय की "सुटलं" म्हणून हात झटकलेत? आणि आईला काय सांगू?

गोट्या_बिनकामाचा :
मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खडूस_बापू :
पब्लिसिटी, दुसरं काही नाही. त्यांची नवी प्राचीन जगाची गॅलरी उघडली ऑक्टोबर २०१२ ला आणि पुढच्याच वर्षी मूर्ती फिरली, काय तो योगायोग. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार झाला की देवाला घाम फुटतो आणि दानपेटी मोठी करावी लागते, तसंच. आणि त्या क्युरेटरनेच तेव्हा पेपरवाल्यांना सांगितलं होतं की ममी नष्ट झाली तर मूर्ती आत्म्याचं दुसरं घर होऊ शकते असं इजिप्तचे लोक मानायचे, म्हणून कदाचित हलत असेल. शिकलेला माणूस असं बोलल्यावर फॉरवर्डवाल्यांना काय नावं ठेवायची.

मृण्मयी_ड :
बापू, नवी गॅलरी हा मुद्दा तुमच्याच विरुद्ध जाईल असं वाटतंय, पण जाणकार येईपर्यंत थांबते.

मँचेस्टरची_मावशी :
मी बघितलाय त्याला!! नाव आयडीत असलं तरी आता मी नाशकात असते. २०१३ च्या जुलैत मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने तिथे होते आणि बातमी नुकतीच गाजली होती. म्युझियम युनिव्हर्सिटीचंच आहे, ऑक्सफर्ड रोडवर, तिकीट नाही, त्यामुळे पाऊस आला की लोक आत शिरतात आणि मँचेस्टरला पाऊस कधी नसतो? त्या कपाटासमोर ही गर्दी. एक शाळेची सहल आलेली, पोरं काचेला नाक लावून "हलला, हलला" म्हणून ओरडतायत आणि त्यांच्या बाई त्यांना मागे ओढतायत. आम्ही चांगली पंधरा मिनिटं उभ्या होतो, ढिम्म. घड्याळाचा तासकाटा बघत बसल्यासारखं ते. व्हिडिओत भरभर वाटतं कारण दिवस सेकंदात दाबलेला आहे.

मूर्ती अगदी साधी आहे हो. गडद दगड, खांद्यापर्यंतचा केसांचा टोप, गुडघ्यापर्यंत वस्त्र. राजाबिजा नव्हेच, ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखा चेहरा. माझं लक्ष मात्र खाली गेलं होतं, पाय जमिनीला टेकवले तर बारीक थरथर लागते. बाहेर डबलडेकर बसची माळ लागलेली असते, युरोपातल्या सगळ्यात वर्दळीच्या बस-रस्त्यांत त्याची गणना होते.

खडूस_बापू :
थरथर ऐंशी वर्षं नव्हती का? बस काय २०१३ ला सुरू झाल्या?

फत्तर :
बापू, इथेच तुमची नवी गॅलरी येते. मी जिऑलॉजीवाला, तर दगडाकडून सुरुवात करतो. मूर्ती सर्पेंटाइनची आहे. हा आपल्या शंखजिऱ्याचा भाऊबंद म्हणा, मऊ, कोरायला सोपा आणि घासला की असा तुळतुळीत होतो की हाताला मेणचट लागतो. असा गुळगुळीत दगड काचेच्या गुळगुळीत शेल्फवर ठेवला तर घर्षण किती राहणार? मांडणी नवी, शेल्फ काचेची, आणि मूर्ती हलल्याचं लक्षात आलं ते त्यानंतर. प्राइस यांचं म्हणणं होतं की मूर्ती पहिल्यापासून अशाच पृष्ठभागांवर होती आणि आधी कधी हलली नव्हती, पण रोज कोण मोजतं? चार-दोन अंश फिरली तर कुणाच्या नजरेत भरणार. दुसरं, तेव्हा ब्रायन कॉक्सने (टीव्हीवर दिसणारा फिजिक्सचा प्रोफेसर, तोही मँचेस्टरचाच) हेच सुचवलं होतं की दोन पृष्ठभागांतल्या घर्षणाने आणि लोकांच्या पावलांच्या कंपनांनी मूर्ती फिरते. प्राइस यांना ते तेव्हा पटलं नव्हतं, कारण मग ती अशी अचूक गोल का फिरावी.

निवांत_नित्या :
गोल का फिरते त्याचं उत्तर तळाशी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्या आयटीव्ही चॅनेलच्या एका कार्यक्रमासाठी स्टीव्ह गॉसलिंग नावाचे कंपनतज्ज्ञ इंजिनियर गेले आणि मूर्तीच्या शेल्फखाली तिन्ही दिशांची कंपनं मोजणारा सेन्सर लावून आले. ट्रॅफिक आणि पावलं सुरू झाली की आलेख वर, रात्री सगळं शांत की आलेख खाली. मूर्ती दिवसा फिरते रात्री नाही, त्याच्याशी तंतोतंत जुळतं. आणि मूर्तीचा तळ सपाट नाहीये, मध्ये फुगवटा आहे. बाकीच्या मूर्ती सपाट बुडाच्या, त्या घट्ट बसतात, हा बाबा मात्र भोवऱ्यासारखा एका टेकूवर उभा. टेकूवर उभी असलेली वस्तू थरथरली तर पुढे सरकणार नाही, ती जागच्या जागी वळणार. म्हणून गोल.

मिक्सर बघा ना. खालचं एखादं रबरी बूट झिजलं की चटणी वाटताना तो ओट्यावर चालायला लागतो, आणि सरळ नाही चालत, तोंड फिरवत चालतो.

पमाकाकू :
अरे नित्या आमचा मिक्सर एकदा इतका चालला की प्लग उपटून सिंकमध्ये पडला. मी देवघरात होते, नारळाची चटणी सगळ्या टाइल्सना. शापाचं माहीत नाही पण हे मला तेव्हा बरंच काहीबाही बोलले होते.

गोट्या_बिनकामाचा :
काकू, हसून हसून पुरेवाट. काकांचा आत्मा कुठे मुक्कामाला होता तेव्हा?

पमाकाकू :
गोट्या, काका अजून आहेत रे, बाहेर पेपर वाचतायत. वाचून दाखवू का तुझा प्रतिसाद?

गोट्या_बिनकामाचा :
नको नको, चरणस्पर्श सांगा.

खडूस_बापू :
कंपनांचं मान्य. तरी एक सांगा, १८० अंश फिरून पाठ झाल्यावर थांबतो कसा? भोवरा तर फिरतच राहील.

निवांत_नित्या :
बापू, चांगला प्रश्न. माझा तर्क असा की मूर्तीचं वजन सगळीकडे सारखं नाही आणि कुठलीच शेल्फ शंभर टक्के लेव्हलमध्ये नसते. जड बाजू उताराकडे आली की बाबा विसावला. कमरेत भरलेला माणूस आरामखुर्चीत कूस बदलत बदलत शेवटी एका जागी स्थिरावतो ना, तसं.

वऱ्हाडी_ठेचा :
मी काय म्हन्तो, मँचेस्टरचं नाव निघालं न कापसाचं नाही निघालं म्हणजे आमच्यावर अन्याव आहे. त्या म्युझियमचं इजिप्तचं घबाड आलं कुठून? जेसी हॉवर्थ नावाचा मँचेस्टरचा कापडाच्या धंद्यातला शेठ होता, त्यानं फ्लिंडर्स पेट्री नावाच्या पुरातत्त्ववाल्याच्या इजिप्तमधल्या खोदकामाला पैसे लावले. १८८८ ते ९० मंधात पेट्रीनं काहूनची वसाहत खोदली, पिरॅमिड बांधनाऱ्या कामगारांचं गाव, आन तिथलं सामान मँचेस्टरला आलं. १९१२ ला त्याच पैशातून इजिप्तसाठी नवी इमारत. आता कापूस कुठला? १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा माल बंद, मंग लँकेशायरच्या गिरन्यांनी दोन दारं ठोठावली, एक इजिप्त न दुसरं मुंबई बंदर. आमचा वऱ्हाड-खानदेशचा कापूस तवा सोन्याच्या भावानं गेला. १८६५ ला लढाई संपली न मुंबईचे शेअरवाले रस्त्यावर आले. मंजे इजिप्तचा शेतकरी आन वऱ्हाडचा शेतकरी एकाच गिरनीत पिंजला गेला, म्युझियम झालं शेठचं.

मँचेस्टरची_मावशी :
ठेचा, टाळ्या! हे माहीत नव्हतं. त्याच म्युझियममध्ये २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आशियाची कायमची गॅलरी उघडलीये, तिथल्या आपल्या लोकांनी मिळून मांडलेली. मुलगी फोटो पाठवते. जाता जाता, त्यासाठी म्युझियम दीड वर्ष बंद होतं.

इरावती_वाचते :
जरा उशिरा येतेय. सगळे बुडाबद्दल बोलताय, पाठीबद्दल कुणीच नाही! या मूर्तीत बघण्यासारखं खरं तर पाठीवरच आहे. पाठीवर चित्रलिपीत मजकूर कोरलाय. इजिप्तमधल्या हजारो मूर्तींवर आणि शिळांवर येतो तोच ठरलेला साचा, सुरुवात "हेतेप दी नेसू" म्हणजे "राजाने दिलेलं अर्पण". मग मेलेल्यांचा देव ओसायरिस याचं नाव, मग काय काय मिळावं त्याची यादी: भाकरी, बिअर, बैल, पक्षी. आणि शेवटी कोणाच्या "का"साठी. "का" म्हणजे माणसातलं चैतन्य म्हणा, मेल्यानंतरही त्याला भूक लागते, आणि त्याने येऊन बसावं म्हणून दगडाचं शरीर.

या यादीला त्यांचा शब्द आहे "पेरेत-खेरू". शब्दशः अर्थ "आवाज बाहेर पडणं". म्हणजे समोर खरी भाकरी ठेवलीत तर उत्तमच, पण नसली तरी कुणी येणाऱ्याजाणाऱ्याने नुसतं मोठ्याने वाचलं तरी मेलेल्याला जेवण पोचतं. कित्येक शिळांवर तर "हे या वाटेने जाणाऱ्यांनो, म्हणा हजार भाकरी, हजार बिअर" अशी चक्क विनवणी असते. लिहितात पण किती गोड, घराचा नकाशा, बाजूला वल्हं, आणि खाली छोटीशी भाकरी नि बिअरचा बुधला. एकदा ओळखायला शिकलात की कुठल्याही म्युझियममध्ये सापडतं. मी २०२४ मध्ये मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ते प्राचीन शिल्पांचं प्रदर्शन होतं तेव्हा इजिप्तच्या दगडांसमोर हेच शोधत फिरत होते, सोबतची मंडळी कँटीनला निघून गेली.

आता बघा, मजकूर पाठीवर. कपाटात तोंड पुढे करून ठेवला तर ८० वर्षं कोण वाचणार? बिचारा उपाशी. मग वळला. तुमचं कंपन मला शंभर टक्के मान्य आहे, तरी मला हे जास्त आवडतं.

फत्तर :
इरावती, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मेनूकार्ड पाठीला बांधून उभा असलेला बाबा.

पमाकाकू :
अगं इरावती, हे तर आपलं पितृपक्षातलं पानच झालं की. आपण कावळ्याची वाट बघतो, ते वाचणाऱ्याची. सासूबाई असेपर्यंत सासऱ्यांच्या पानावर कांदाभजी असायचीच, त्याशिवाय कावळा शिवायचा नाही म्हणायच्या. पण बिअर काय गं, देवाच्या नावाने?

इरावती_वाचते :
काकू, त्यांची बिअर म्हणजे बाटलीतली नव्हे हो. सातू आणि एमर नावाचा जुना गहू आंबवून केलेलं दाटसर पेय, पोरंबाळं पण प्यायची, आणि मजुरांना पगारच भाकरी-बिअरमध्ये मिळायचा. आपल्या आंबिलीची चुलत बहीण समजा.

पमाकाकू :
हां, मग ठीक आहे. आंबील चालेल.

खडूस_बापू :
एवढा पुळका आलाय तर हेही लिहा की या बाबांचं तिकडे काय होतं. इंग्लंडातल्याच नॉर्दॅम्प्टनच्या म्युझियममध्ये सेखेमका नावाच्या माणसाची इजिप्तची मूर्ती होती, चुनखडीची, अडीच फूट, नेब-सेनूपेक्षाही कितीतरी जुनी, पायाशी बायको बसलेली. गावाला उमरावाच्या घराण्याने दिलेली. तिथल्या कौन्सिलने २०१४ च्या जुलैत लिलावात काढली, १ कोटी ५७ लाख पौंडांच्या वर गेली, आपल्या तेव्हाच्या हिशेबाने दीडशे कोटींच्या पुढे, आणि पैसे कौन्सिलने आणि उमरावाच्या वंशजांनी वाटून घेतले. म्युझियमची मान्यता काढून घेतली, पण मूर्ती गेली ती गेलीच. सरकारने निर्यात काही काळ रोखून बघितली, पुरेसे पैसे लावणारं कुणी आलं नाही. तिच्या मांडीवर तर पपायरसची गुंडाळी पसरलेली आणि तिच्यावर याच अर्पणांची यादी. आता ती वाचायची कोणी, मालकाच्या तिजोरीतली पाल?

इरावती_वाचते :
बापू, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. +१. इजिप्तच्या सरकारने आक्षेप घेतला होता, नॉर्दॅम्प्टनच्या नागरिकांनीही विरोध केला, कुणी ऐकलं नाही.

टिंबटिंब :
मग परत देऊन टाका ना सगळं. कोहिनूर, वाघनखं, नेब-सेनू, एकच कंटेनर.

वऱ्हाडी_ठेचा :
कंटेनरात कापसाचे पैसे पन टाका, व्याजासकट.

टिंबटिंब :
व्याज कंपाउंड का सिंपल?

निवांत_नित्या :
धागा भरकटला. मृण्मयी, तुमच्या मांजरीकडे येऊ. तिला खाडीत सोडण्याआधी तीन गोष्टी करा. एक, पायाभोवती शेल्फवर पेन्सिलने खूण करा आणि रोज बघा. दोन, मांजर उचलून बूड बघा, काचेवर ठेवून बोटाने टोचा, डुगडुगते का. तीन, मोबाईलवर कंपनं दाखवणारं फुकट अॅप मिळतं, ते लावून फोन शेल्फवर ठेवा, सकाळी, दुपारी, रात्री.

मृण्मयी_ड :
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. करून बघते आणि सांगते. आई प्रतिसाद वाचतेय शेजारी बसून. पमाकाकूंच्या मिक्सरवर तिला भारी हसू आलं.

(आठ दिवसांनी)

मृण्मयी_ड :
अपडेट द्यायला उशीर झाला, घरी पाहुणे होते.

मांजर उचलली तर बुडाला किमतीचं स्टिकर, अर्धं सुटून दुमडलेलं आणि त्यावर वर्षभराची धूळ बसून मसुराएवढी कडक गोळी झालेली. बरोबर मधोमध. बोटाने टोचलं की गर्रकन अर्धी फिरायची. नेब-सेनूचा फुगवटा कैरोच्या दुकानदाराने चिकटवून दिला होता म्हणायचं.

कंपनाचं अॅप लावलं तर दिवसभर रेघ सरळ, आणि पहाटे सहा ते साडेसात नुसता दाढीचा खुंट. सोसायटीचा पाण्याचा पंप! आम्ही पहिल्या मजल्यावर, पंपरूम बरोबर खाली, आणि गेल्या गणपतीनंतर मोटर बदलली तेव्हापासून ती घरघरते, हे मी तक्रारवहीत दोनदा लिहून आलेय. मांजर भिंतीकडे वळायला लागली तीही तेव्हापासूनच, फक्त आम्ही दोन्ही एकत्र लावून बघितलं नव्हतं. मावशींची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, तरी मी सांगत होते ताई.

स्टिकर खरवडून काढलं, पेन्सिलची खूण केली. सहा दिवसांत दोराभर सरकलीये, वळली नाहीये.

फत्तर :
वा! सेन्सरसकट सगळं झालं. आता तक्रारवहीत आलेख चिकटवा.

खडूस_बापू :
मान्य. पब्लिसिटीचा मुद्दा मागे घेतो, अर्धा. आई काय म्हणाल्या?

मृण्मयी_ड :
आईचं निराळंच. शाप वगैरे डोक्यातून गेलं, पण इरावतींचा प्रतिसाद वाचल्यापासून तिला त्या नेब-सेनूची काळजी लागून राहिलीये. म्हणाली मांजरीच्या पाठीवर काही लिहिलेलं नाही, तिला काही नको, पण तो बिचारा चार हजार वर्षं मागतोय तर म्हणायला काय पैसे पडतात? काल सांजवात लावल्यावर हात जोडून मोठ्याने म्हणून टाकलं, "नेब-सेनूला हजार भाकरी, हजार आंबील." बैल आणि पक्षी गाळले. शनिवार होता.

गोट्या_बिनकामाचा :
आज रविवार आहे. पक्षी आठवणीने.